भिंतीवरची जुळी

ती मुलगी आपल्या वाट्याचे पाणी पीत नाही, हे मला ठाऊक होते. दुपारच्या जेवणानंतर ती घोट तोंडात धरून, गाल फुगवून, कोणाशी न बोलता शाळेच्या पश्चिमेकडच्या भिंतीपाशी जाई आणि तिथे टांगलेल्या एका प्लास्टिकच्या बाटलीतल्या मातीवर तो सोडून देई. हे एकदाच पाहिले असते, तर चुकून दृष्टीस पडले असे म्हणता आले असते. मी ते अनेकदा पाहिले, आणि दर वेळी तिने मला पाहू नये म्हणून व्हरांड्याच्या खांबाआड थांबलो. पुढे दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला सरळ प्रश्न केला, तेव्हा मी "कल्पना नाही" असे उत्तर दिले. माझ्या पत्नीलाही मी हे फार उशिरा सांगितले.

मी तेव्हा मोखाडा तालुक्यातल्या एका निवासी शाळेत विज्ञान शिकवत असे. घर जव्हारला. आठवडाभर शाळेच्या आवारातल्या खोलीत राहायचे आणि शनिवारी दुपारी घर गाठायचे, असा क्रम होता. पन्नाशीला टेकलेल्या शिक्षकाला जे कौतुक सहसा मिळत नाही, ते मला मिळत असे. कारण मुलांना भाजीपाला पिकवायला शिकवण्याच्या माझ्या नाना युक्त्या. रबरी हातमोज्याच्या पाच बोटांत ओल्या कापसावर मी पाच प्रकारचे बी रुजवून दाखवले होते. फाटक्या गमबुटांत मेथी, अंड्यांच्या टरफलांत टोमॅटोची रोपे, मोडक्या छत्र्या उलट्या टांगून त्यांत पालक, असे सगळे करून झाले होते. त्यातली पानभर भाजी कधी कोणाच्या ताटात पडली नाही. फोटो मात्र सुरेख येत.

माझे विद्यार्थी डोंगरउतारावर नागली आणि वरई पिकवणाऱ्या घरांतले. रोपे उपटणे, लावणे, राखण करणे, हे त्यांच्या हातांना चालण्याइतके सवयीचे होते. त्यांच्यापैकी एकाने मला विचारले होते, "सर, जमिनीत का नाय लावायचा?"

"जमिनीत तर सगळेच लावतात," मी म्हणालो होतो.

मुख्याध्यापक गमत्या स्वभावाचे. ते म्हणत, "आमचे सर उद्या माझ्या टोपीत मुळा लावतील. टक्कल थंड राहील म्हणा!"

जुळ्या वेलांची कल्पना मला वजनकाट्यावरून सुचली. मुलांची वजने घ्यायला काटा यायचा, त्या दिवशी शाळेत एक विचित्र शांतता पसरत असे. आमच्या भागात वजनकाटा हे साधे यंत्र नाही. वावरकडची मुले कुपोषणाने गेली, त्या काळात मी विशीत होतो. जव्हारमधल्या आमच्या घरासमोरून जीपगाड्या चढ चढत जात, आणि दवाखान्याच्या ओट्यावर भिंतीला टेकून बसलेल्या आयांकडे पाहण्याचे धैर्य होत नसे. तेव्हापासून या डोंगरांत मुलाला काट्यावर ठेवले की आईचा चेहरा बदलतो. हे मला पुस्तकातून कळलेले नव्हते. मी ते पाहिले होते. आणि तरीही, काट्याची भीती घालवायची म्हणून, मी त्याहून वाईट वस्तू भिंतीवर उभी केली.

पाचवीच्या वर्गातल्या प्रत्येक मुलाचा फोटो काचेच्या चौकटीत बसवून मी तो भिंतीवर उंच लावला. त्याखाली बरेच अंतर सोडून एक कापलेली बाटली, तिच्यात ओंजळभर माती, मातीत चवळीचा दाणा. बाटलीपासून फोटोपर्यंत सुतळी, आणि सुतळीशेजारी रंगाने आखलेली पट्टी. वेल सुतळीवरून चढत आपल्या फोटोपर्यंत पोचायचा होता.

"हे तुमचं जुळं," मी वर्गाला सांगितले. "तुम्ही नीट जेवलात की ते वाढणार. ते वाढलं की तुम्ही वाढणार."

मागच्या बाकावरून कोणी तरी विचारले, "आणि तो वाळला तर, सर?"

"मग तुम्हीही वाळाल! म्हणून पाणी घालायला विसरू नका."

वर्ग हसला, मीही हसलो. कोण हसले नाही, हे मी पाहिले नाही.

संक्रांतीनंतर भिंतीचे उद्घाटन झाले. गावातल्या चार मान्यवरांनी बाटल्यांना हळदकुंकू लावले. कोणी तरी उत्साहाने झेंडूचे हार आणले होते, ते फोटोंना घातले. शनिवारी घरी गेल्यावर मी मोबाइलवरची छायाचित्रे पत्नीला दाखवली. ती पोळ्या लाटत होती. तिने मान तिरकी करून पाहिले आणि लाटणे थांबवले.

"अहो, ही पोरं जिवंत आहेत ना?"

"हा काय प्रश्न झाला?"

"मग हार कशाला घातलेत?"

"उद्घाटन होतं गं."

"उद्घाटनाला पताका लावतात. या मुलीच्या तर काचेवरच कुंकू लागलंय. देवघराशेजारी सासूबाईंचा फोटो अगदी असाच आहे."

"तू पण ना!" मी म्हणालो, आणि मोबाइल खिशात ठेवला.

होळीला मुले घरी गेली आणि परतली, तोवर ऊन तापले होते. पश्चिमेची सिमेंटची भिंत दुपारनंतर तव्यासारखी होई. ओंजळभर माती तासाभरात कोरडी पडे. त्याच सुमारास शाळेची विहीर आटली आणि टँकर सुरू झाला. मुख्याध्यापकांनी पिण्याचे पाणी झाडांना घालण्यास मनाई केली. तो निर्णय योग्यच होता. हात धुतलेले पाणी वेलांना घालावे असे ठरले, पण हात धुवायलाही पाणी जेमतेमच असे.

एकेक वेल वाळत गेला. सुतळीला चिकटून राहिलेले करडे दोरे, आणि त्यांच्या वर, सुकलेल्या झेंडूच्या हारात, हसरे चेहरे. मी ते रोज पाहत होतो आणि मला त्यात केवळ पाण्याची अडचण दिसत होती. मुलांना काय दिसत होते, याची चिन्हे माझ्यासमोर होती. धाकटी मुले त्या भिंतीसमोरून जायचे टाळून स्वयंपाकघराच्या मागून वळसा घालून येऊ लागली. भिंतीसमोरचा लगोरीचा डाव बंद पडला. कोणाला खोकला झाला की इतर मुले पहिला प्रश्न विचारत, त्याचा वेल कसा आहे. एका मुलाने आपला फोटो काढून दप्तरात लपवला, तेव्हा मी त्याला रागावलो आणि फोटो पुन्हा जागेवर लावला.

एकच वेल हिरवा राहिला, आणि तो तिचा. जामसरकडच्या एका पाड्यावरची ही मुलगी. वर्गात ती स्वतःहून फारशी बोलत नसे; विचारले तर मोजके आणि नेमके उत्तर देई. तिचा वेल फोटोच्या चौकटीला जवळजवळ टेकला होता. तो हिरवा कशाने राहिला, याचा शोध मला घ्यावा लागला नाही. एका दुपारी ती गाल फुगवून चालत गेली, तिने मान वाकवली, पाणी सोडले आणि ओठ पुसत परत आली. पिण्याचे पाणी हातात घेऊन कोणी गेले असते तर अडवले गेले असते. तोंडातले पाणी कोणाला दिसणार?

मला दिसले. पहिल्या दिवशी तर मला गहिवरूनही आले. रोपावर किती ही माया, असे मी मनाशी म्हणालो. पुढे तिच्या वाट्याचे सकाळ-संध्याकाळचे पाणीही असेच घोटाघोटाने भिंतीकडे जाऊ लागले, आणि तिचे ओठ फुटू लागले. खेळाच्या तासाला ती सावलीत बसून राहू लागली. प्रार्थनेच्या वेळी शेजारणीच्या खांद्याला धरून उभी राहू लागली. त्या वेळी तिला जवळ बोलावून "बाळ, ते पाणी तू पी" एवढे म्हणण्यास मला काहीच कष्ट पडले नसते. परंतु भिंत पाहण्यासाठी बाहेरून पाहुणे येणार होते आणि त्यांचा दिवस ठरला होता.

"सर, एवढा एक तरी जगवा," मुख्याध्यापक म्हणाले. "पाहुण्यांना काय वाळवण दाखवायचं?"

"जगेल," मी म्हणालो. कोणाच्या पाण्यावर जगेल, हे मला माहीत होते.

पाहुणे आले त्या सकाळी मुले स्वागतगीतासाठी उन्हात ओळीने उभी होती. गाडीतून उतरलेल्या पाहुण्यांना गुलाबपुष्प द्यायला तीच पुढे आली. तिची निवड मीच केली होती. दोन पावले टाकून ती खाली बसली, मग आडवी झाली. गाणे थोडा वेळ तसेच चालू राहिले. पाहुण्यांच्याच गाडीतून मी तिला जव्हारच्या दवाखान्यात नेले. वाटेत तिचे डोके माझ्या मांडीवर होते. कपाळ तापलेले आणि कोरडे होते. घामाचा टिपूसही नव्हता.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी लगेच सपाट झाली नाही.

"ही पाणी पीत नव्हती का?"

"कल्पना नाही."

"तुम्ही शिक्षक ना हिचे? असं एका दिवसात होत नाही."

"पाण्याची टंचाई आहे, मॅडम. पण प्रत्येकाला पिण्यापुरतं मिळतं."

माझे वाक्य खोटे नव्हते, म्हणूनच ते इतके सहज आले. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिले आणि त्या सलाईन लावायला वळल्या. ती वाचली. हे इथेच सांगून टाकतो, कारण त्या रात्रभर मी एवढेच मागत होतो आणि ते मला मिळाले. मात्र तेवढ्याने प्रकरण संपले, असे मी धरून चाललो.

ती दवाखान्यात असताना वेलाला पाणी घालणारे कोणी नव्हते. मी शाळेत परतलो तेव्हा तो मान टाकून पडला होता. पाने चुरगळली की पूड होत होती. त्याच दुपारी निरोप आला. मुलीचे कपडे न्यायला तिचा बाप येत आहे, आणि मुलीने त्याला वेल पाहून यायला सांगितले आहे.

मोरीच्या पाण्यावर, स्वयंपाकघरामागे, सांडलेल्या दाण्यातून उगवलेला चवळीचा एक वेल जमिनीवर पसरला होता. त्याची निगा कोणी राखली नव्हती आणि तो रसरशीत होता. मी तो मुळासकट उकरला, तिच्या बाटलीत लावला आणि घाईघाईने सुतळीभोवती गुंडाळत फोटोपर्यंत नेला. तिचा वाळलेला वेल चुलीत टाकला. तो पेटायला क्षणही लागला नाही.

बाप आला. भिंतीसमोर उभा राहिला. त्याच्या बोलीत सगळ्यांना एकेरीच हाक असते, तशाच हाकेने त्याने विचारले, "सांग सर, हा माझे पोरीचा का?"

"हो."

"जिता आहे ना?"

"बघा की. चांगला हिरवा आहे."

त्याने एका पानाला बोट लावून पाहिले. मग त्या वेलाला हात जोडले. मी शेजारी उभा राहून ते पाहिले.

मुलगी परत आली ती थेट भिंतीकडे गेली. मी मागोमाग गेलो. ती बराच वेळ मान वर करून पाहत राहिली.

"सर, हा उलटा गुंडाळलाय."

चवळीचा वेल आधाराभोवती एकाच दिशेने वळतो, हे वर्गात मीच शिकवले होते. घाईत मी तो विरुद्ध दिशेने गुंडाळला होता.

"वाऱ्याने झाला असेल," मी म्हणालो.

"हा माझा नाय. माझा मेला."

"काही तरी बोलू नकोस. तुझाच आहे."

तिने वाद घातला नाही. फक्त "मेला" हा शब्द पुन्हा एकदा, माझ्यासाठी नव्हे, स्वतःसाठी उच्चारला आणि ती आत गेली. आठवडा संपण्याआधी बाप तिला घेऊन गेला. जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा ती आली नाही. भिंतीच्या प्रयोगाबद्दल मला शाल आणि श्रीफळ मिळाले. मी ते स्वीकारले. त्याच वर्षी मी जव्हारला बदली मागून घेतली.

त्यानंतर दोन पावसाळे गेले. दिवाळीनंतरच्या एका बाजाराच्या दिवशी मी कामानिमित्त खोडाळ्याला गेलो होतो. सुकटीच्या पाट्यांजवळ कोणी तरी माझा दंड धरला. तिचा बाप.

"सर! लय जाडा झालास तू. जव्हारचा पाणी गोड लागला वाटते."

मी हसलो. "मुलगी कशी आहे?"

"जिती आहे," तो म्हणाला. सहज म्हणाला, पण त्यानंतर त्याचे हसणे ओसरले. "पावसात बरी असते. कामाला वाघीण. उन्हाळा आला का कोपऱ्यात बसते. बोलते, माझा वेल मेला, आथा माझा नंबर. वीटभट्टीवर नेली तर तिथं पण तसाच. शाळेत जा बोललो तर रडते. भगताकडं नेली."

"भगत काय म्हणाला?"

"बोलला, वेल जिता आहे का मेला, ते पहिला सांगा. मी बोललो, जिता आहे, मी ह्या हातानी पाहिला. पोर बोलते, तो दुसरा होता. मी बोललो, येडी आहेस का, सर खोटा बोलेल?" त्याने माझ्याकडे पाहिले. त्या नजरेत संशय नव्हता. तो असता तर मला सोपे गेले असते. "तू सांग ना तिला एकदा. तुझा ऐकेल."

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसलो होतो आणि मला एक गोष्ट पहिल्यांदाच स्वच्छ दिसली. मी एवढे दिवस स्वतःला दोष देत होतो तो गप्प राहिल्याबद्दल. पण त्या मुलीला अजून धरून ठेवले होते ते माझ्या दुसऱ्या कृत्याने. तिचा वेल मेला होता आणि ती जगली होती. एवढेच तिने डोळ्यांनी पाहिले असते, वाळलेला वेल तिच्या हातात ठेवून मी म्हणालो असतो की बघ, हा गेला आणि तू इथे उभी आहेस, तर माझ्या तोंडून निघालेले ते वाक्य त्याच दिवशी खोटे ठरले असते. त्याचा एकमेव पुरावा मी चुलीत घातला होता. तिला वेल मेल्याची खात्री होती, पण तो ती दवाखान्यात असतानाच मेला आणि त्यानंतर ती बरी झाली, हे तिला कोणी सांगितले नव्हते. आणि म्हणून ती दर उन्हाळ्यात आपली पाळी येण्याची वाट पाहत होती. पुढचा उन्हाळा काही फार दूर नव्हता.

घरी आल्यावर मी पत्नीला सगळे सांगितले. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "मला काय सांगताय? तिला सांगा." आणि उठून आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाड्यावर गेलो. खुरासणीचे पीक झोडपून अंगणात पसरले होते. बाप बांबूच्या कामट्या तासत होता. आई दाराशी उभी होती. मुलगी सुपाने दाणे पाखडत होती. ती आता उंच झाली होती, आणि मला पाहताच तिचे सूप थांबले.

"आला सर," बाप खुशीत म्हणाला. "सांग आथा हिला. वेल जिता होता का नाय?"

मी अंगणात खाली बसलो. माझा आवाज मुळातच लहान. मी मुद्दाम मोठ्याने बोललो.

"तू बरोबर ओळखलं होतंस. तो तुझा वेल नव्हता."

कामट्यांचा आवाज बंद झाला.

"तुझा वाळला होता. मी तो उपटून जाळला आणि मोरीजवळचा दुसरा आणून लावला."

"बघ!" आई नवऱ्याला म्हणाली. "पोर बोलत होती तर तिला येडी ठरवलास."

मुलगी माझ्याकडे पाहत होती. "कधी मेला?"

"तू दवाखान्यात होतीस तेव्हा. तुझ्या हाताला सलाईन होती, त्याच दिवसांत."

"तेव्हाच?"

"तेव्हाच."

तिने सूप खाली ठेवले. ती काही तरी जुळवून पाहत होती, हे तिच्या ओठांच्या हालचालीवरून कळत होते. "म्हंजे तो मेला, आणि त्याच्या मागून मी शाळेत आले. चालत."

"चालत आलीस. आणि त्यानंतर दोन पावसाळे गेले."

"मग माझा नंबर..."

"तुझा नंबर कधी नव्हताच."

बाप उठून उभा राहिला. कोयता त्याच्या हातातच होता, पण तो त्याला विसरला होता. "मी त्याला हात जोडले, सर. तू बाजूला उभा होतास."

"होतो," मी म्हणालो. मग मी मुलीकडे वळलो आणि जे बोलायला आलो होतो, ते बोललो.

"वेल वाळला की तुम्ही वाळाल, असं मी वर्गात म्हणालो, ते साफ खोटं होतं. तू तुझं पाणी तोंडात धरून नेत होतीस, ते मी रोज पाहत होतो आणि तुला थांबवलं नाही, कारण मला पाहुण्यांना हिरवी भिंत दाखवायची होती. डॉक्टरांशी खोटं बोललो, तुझ्या वडिलांशी खोटं बोललो, आणि तू खरं बोललीस तेव्हा तुलाच गप्प केलं. चूक माझी होती. तुझी नाही, तुझ्या वेलाची नाही. मला माफ कर, बाळ. तुम्हीही मला माफ करा."